ओसरीवरचं वाय-फाय

डॉक्टर दिसला की लोक पार्टीतसुद्धा दुखणं काढतात, आणि इंजिनियर दिसला की बंद पडलेला प्रिंटर. मी शिकलो इलेक्ट्रिकल, पोट भरतो वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत. पण मंडळाच्या यादीत माझ्या नावापुढे कुणीतरी 'कॉम्प्युटरवाला' असं अदृश्य शाईने लिहून ठेवलेलं असावं. म्हणूनच गेल्या ऑगस्टमध्ये शनिवारी सकाळी काकांचा फोन वाजला तेव्हा आमची सौ. पेपरातून मान वर न करता म्हणाली, "स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा."

काका म्हणजे आमच्या न्यू जर्सीत, ओक ट्री रोडपासून जरा आत, मिसळ-थालीपिठाचं हॉटेल चालवणारे. टेबलं आठ, काकू स्वयंपाकघरात, पुतण्या गल्ल्यावर. "अरे, गिऱ्हाईक बसल्याबसल्या वाय-फाय मागतं. एक डबा लावून दे. अर्ध्या तासाचं काम!"

जाऊन बघतो तर डबा होताच. गल्ल्याखाली, मायक्रोवेव्हला अगदी खेटून. पासवर्ड म्हणजे हॉटेलचं नाव आणि पुढे १२३; मागेल त्याला मिळत होता. त्याच वाय-फायवर कार्डाचं मशीन, त्यावरच कॅमेरे आणि त्यावरच काकांचा हिशेबाचा लॅपटॉप.

"काका, तुमच्या गावच्या घरी पोस्टमन यायचा, तो कुठे बसायचा?"

"ओसरीवर. पाणी प्यायचा, जायचा."

"माजघरात?"

"तो कशाला येतोय माजघरात?"

"इथे येतोय."

मग त्यांना २००७ साली उघडकीला आलेली गोष्ट सांगितली. इथल्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या एका दुकानातलं वाय-फाय जुन्या, कच्च्या कुलुपाचं होतं. तिथून चोर शिरले ते थेट कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत, आणि साडेचार कोटींहून जास्त कार्डांचे नंबर गेले. काकांनी हळूच कार्डाचं मशीन जवळ ओढलं. आयुष्यभराची पुंजी त्या आठ टेबलांत अडकली आहे. माणूस धास्तावणारच.

तर अर्ध्या तासाचे झाले दोन शनिवार. एकाच तारेवर दोन वेगळी जाळी केली. कार्डाचं मशीन वायरीने आतल्या जाळ्यात, पाहुण्यांचं जाळं बाहेर. बाहेरच्याला इंटरनेट दिसेल, आतलं काही दिसणार नाही. शेजारच्या टेबलावरचा फोनही नाही. दर फोनला वेगाची मर्यादा, नाहीतर एक पोरगा सिनेमा उतरवणार आणि सात टेबलं बोंबलणार. नवा डबा छताला टांगला. मायक्रोवेव्हचा आणि वाय-फायच्या जुन्या पट्ट्याचा सूर एकच, २.४ गिगाहर्ट्झ; वडा गरम करायला ठेवला की गिऱ्हाइकाचा व्हिडिओ अडखळायचा. काकू तोपर्यंत इंटरनेट कंपनीला नावं ठेवत होत्या!

पुतण्याला गिऱ्हाइकांचे फोन नंबर गोळा करायचे होते. "नंबर टाकला तरच वाय-फाय, मग दिवाळीच्या फराळाची जाहिरात पाठवू." मी साफ नाही म्हटलं. मागे मुंबईत स्टेशनवर माझा अमेरिकन नंबर घेऊन ओटीपीची वाट पाहत उभा होतो, तो अजून येतोच आहे.

पासवर्डावर मात्र खरं महाभारत झालं. काकूंची इच्छा 'थालीपीठ'. पण रोमन लिपीत त्यात एक ए की दोन, आय की डबल ई? तिथे बसलेल्या चार मराठी माणसांनी पाच स्पेलिंगं सांगितली. शेवटी चौकटीचं चित्र छापून टेबलावर चिकटवलं. फोन समोर धरला की झालं.

राहिली वेळेची मर्यादा. काका म्हणाले, "एका चहावर तीन तास बसतात. एक तास ठेव." धंद्याच्या दृष्टीने चूक नव्हतं. ठेवला एक तास. ठेवताना मला माझं फोनकार्ड आठवलं. २००३ साली एम.एस.ला आलो तेव्हा देशी दुकानातून पाच डॉलरचं कार्ड घ्यायचं, मागचं रुपेरी खरडायचं, भलामोठा नंबर दाबायचा. आणि आई जरा मोकळेपणी बोलू लागली की एक बाई इंग्रजीतून सांगायची, एक मिनिट उरलं. आईला वाटायचं ती माझी खोलीवाली आहे. काकांना ही गंमत सांगितली, ते खूप हसले.

पुढच्या आठवड्यात सहज चहाला गेलो. कोपऱ्यात एक मुलगा, पायाशी दोन मोठ्या बॅगा, त्यांवर विमानाच्या चिठ्ठ्या तशाच. सिमकार्ड अजून घेतलं नव्हतं. फोन मिठाच्या बाटलीला टेकवून आईला थाळी दाखवत होता. "हे बघ, मटकी आहे. अगं, खरंच आहे." मधेच तो गप्प झाला. फोन हलवला, चौकटीपुढे धरून पाहिला, परत हलवला.

काका गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. "तुझी ती बाई बोलली वाटतं."

मी लॅपटॉप उघडला. "किती ठेवू?"

"बंद होईपर्यंत ठेव."

"म्हणजे साडेनऊ?"

"हॉटेल साडेनऊला बंद होतं," काका म्हणाले. "डबा कशाला बंद करायचा?"