फादर बाखरांच्या मुलखातून: तात्यांना पत्रं

राजूर, सोमवार

तीर्थरूप तात्यांस,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. अकोले मागे पडलं तसे डोंगर अंगावर आले आणि उन्हाचा ताव उतरला. पाऊस अजून लागलेला नाही, पण पश्चिमेकडे रोज संध्याकाळी आभाळ भरून येतं. भातरोपांसाठी राब भाजून झालेत. त्यांचा वास गावापर्यंत येतो.

तुम्ही नोकरीभर कालव्यावर पाणी मोजलंत, म्हणून मुख्य सांगायचं ते पाण्याचं, पण आधी गावाची ओळख. राजूर हे या डोंगराळ मुलखाचं बाजाराचं गाव. आसपासच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांतली माणसं हिरडा, वरई, खुरासणी घेऊन इथं उतरतात. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं आहे. डांगी जनावरांचं प्रदर्शनही इथंच भरतं. धो धो पावसात भाताची चिखलणी करावी तर या डांगी बैलांनीच.

इथून पश्चिमेला भंडारदरा, त्याच्याही पलीकडे सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर. तिथं काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस जातो. उलट पूर्वेला संगमनेरच्या कोरड्या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक खूश. जिल्हा एक, प्रवरा नदीही एकच. इंग्रजांनी १९२६ साली भंडारदऱ्याला प्रवरेवर विल्सन धरण पुरं केलं आणि ते पाणी खाली श्रीरामपूर-राहुरीकडच्या उसापर्यंत पोचलं. त्या कामाचं मोल तुमच्याइतकं मला कोण सांगणार? पण ज्या डोंगरांवर तो पाऊस कोसळतो, तिथल्या वाड्यांतल्या बाया मे महिन्यात हंडे घेऊन दरीत उतरतात. काळ्या कातळावर पडलेलं पाणी दिवाळीपर्यंत ओढ्यांतून निघून गेलेलं असतं.

मी ज्यांच्या कामाचा माग काढत इथं आले, त्या फादर हर्मन बाखरांना नगर जिल्ह्यात याच कोड्यानं धरून ठेवलं. जन्म १९२४ चा, स्वित्झर्लंडमधला. येशूसंघात, म्हणजे जेझुइटांच्या संघात, ते दाखल झाले आणि १९४८ साली भारतात आले. स्वित्झर्लंडच्या येशूसंघीयांचा पुणे मिशनशी जुना संबंध, त्या वाटेनं ते नगरकडे वळले.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, की संन्यासी माणूस मठ सोडून रानात काय करतो? येशूसंघीयांना तसा बंदिस्त मठ नसतोच. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घ्यायची आणि पाठवतील तिथं जायचं. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना पोपची मान्यता १५४० साली मिळाली. त्याआधीच, १५३८ च्या हिवाळ्यात रोममध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हा ते आणि त्यांचे सोबती भीक मागून आणलेली भाकरी उपाशी माणसांना वाटत होते. अशा घराण्यातून बाखर आले. फक्त त्यांच्या वाट्याला आलेला दुष्काळ एका हिवाळ्यात सरणारा नव्हता.

आईला सांगा, इथला पेढा घेतला आहे.

आपली मुलगी


पुरुषवाडी, गुरुवार

ती. तात्यांस,
सा. न.

राजूरहून पुरुषवाडीला आले. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला इथं शहरातून माणसं येतात आणि गावकरी त्यांना घरी जेवू घालतात, अंगणात झोपायला जागा देतात. मी मात्र दिवसाचा डोंगर बघायला आले होते. बाखरांनी आपले सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत १९९३ साली उभी केलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, लोकांच्या तोंडची 'वॉटर', हिनं या गावात काम केलं आहे.

सकाळी एका वडीलधाऱ्या गावकऱ्यांबरोबर वर चढले. माथ्याजवळ सलग समतल चर, त्याखाली ओघळींत रचलेले दगडी बांध, आणखी खाली भातखाचरांच्या ताली. माथ्यापासून पायथ्याकडे येण्याची ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. वरचं पाणी आवरल्याशिवाय खाली बांध घातला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो फुटतो. समपातळीची रेघ आखायला दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि मधोमध ओळंबा एवढंच हत्यार लागतं. ए-फ्रेम म्हणतात तिला. ज्या बाईनं कधी शाळा पाहिली नाही तीही ती घेऊन अख्ख्या डोंगराची आखणी करू शकते, हे मला फार मोठं वाटतं. तुमच्या खात्यात लेव्हल मशीनला हात लावायचा तर आधी साहेबाची परवानगी लागायची, असं तुम्हीच सांगत होतात.

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते अटींबद्दल. धर्मादाय काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देणारा हात येतो. कॅथलिक परंपरेत असे संस्थापक पुष्कळ झाले. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल यांनी लुईझ द मारिलाक यांच्यासोबत सेवाव्रती भगिनींचा संघ काढला. या भगिनी रुग्णांच्या उशाशी बसल्या, टाकलेली मुलं त्यांनी सांभाळली. बाखरांनीही नगरमध्ये सोशल सेंटर सुरू केलं ते असंच शेतकऱ्याला हात देण्यासाठी. विहिरी झाल्या, १९७२ च्या दुष्काळात पोटापाण्याची कामं निघाली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की एकेका शेतकऱ्याला विहीर देऊन गाव तरत नाही. जमिनीतच पाणी नसेल तर विहीर खोल जाते आणि कर्जही तितकंच खोल. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्यापर्यंत तर ही मदत पोचतही नाही.

म्हणून पुढच्या कामात त्यांनी गावापुढे अटी ठेवल्या. आधी सगळ्या गावानं श्रमदान करून दाखवायचं, मग प्रकल्प. अकुशल मजुरीच्या खर्चातला साधारण सहावा हिस्सा गावानं घामातून भरायचा. डोंगरावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आणि नव्या बोअरला आवर. पाणलोट समिती ग्रामसभेनं निवडायची. प्रत्येक शेताचा आराखडा नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करून ठरवायचा. आणि काम संपल्यावर देखभालीसाठी गावाचा स्वतःचा निधी हवा.

परदेशातून पैसा आणणाऱ्या संन्याशानं गरिबाला आधी 'तू काय देणार?' असं विचारावं, हे ऐकायला कठोर लागतं. मला त्यात आदर दिसतो. भिकाऱ्याला कुणी अट घालत नाही. अट बरोबरीच्या माणसाला घालतात.

हा विचार एकट्या बाखरांचा नव्हे, हेही लिहायला हवं. ७२ च्या दुष्काळातूनच विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणीपंचायत उभी केली. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आधीच गावाकडून पाळून घेतली होती. आपल्याकडे हे शहाणपण रुजत होतं आणि परदेशातून आलेल्या या माणसानं ते ओळखलं.

रात्री काजवे पाहिले. अख्खं झाड एका लयीत उजळतं आणि विझतं. आईला दाखवायला आणायला हवं होतं.

आपली मुलगी


संगमनेर, शनिवार

ती. तात्यांस,
सा. न.

आज संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला जाऊन आले. डोळ्यांना हा प्रदेश राजूरपेक्षा अगदी परका वाटतो. माळ, मुरूम, उघडे डोंगर. इथं पाणलोटाचं काम १९९६ ते २००१ या काळात झालं आणि पुढे ते इतकं नावाजलं की संस्थेनं प्रशिक्षण केंद्रही इथंच काढलं. देशोदेशीची माणसं इथं शिकून गेली. एके काळी जिथं पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची आणि उसाच्या तोडीला, मजुरीला गाव सोडायचं, तिथं बांधावर घास आहे आणि दारात दुभती जनावरं आहेत.

तरीही मी इथं सगळ्यात जास्त विचार केला तो शेळ्या-मेंढ्यांचा. चराईबंदीचा पहिला घाव बसतो तो ठाकरांवर आणि धनगरांवर. ज्याच्याकडे शेत आहे, त्याची विहीर भरते. ज्याच्याकडे चार शेळ्याच आहेत, त्याला डोंगर बंद होतो. शेळ्या विकायच्या किंवा दूर हाकायच्या. दरेवाडीतही सुरुवातीला यावरून विरोध झाला. मग डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्यानं करणं, बंद केलेल्या रानातलं गवत कापून न्यायची मुभा, चर खोदण्याची मजुरी आधी भूमिहीनांना, अशा वाटा काढाव्या लागल्या. त्या पुरेशा होत्या असं मी म्हणणार नाही. गवत वाढलं ते गाईला, आणि गाय घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते. बाखरांवर माझी मोठी श्रद्धा बसली आहे, तरी या जागी त्यांच्या कामाला प्रश्न विचारत राहायला हवं. गरिबासाठी व्रत घेतलेल्या माणसाच्या कामाला हाच प्रश्न शोभतो.

तुम्ही म्हणाल, धरण आणि कालवा झाला असता तर एवढी यातायात लागली नसती. पण तात्या, दरेवाडीच्या माळावर कुठला कालवा चढणार होता? पाणी वर चढत नाही, हे तुम्हीच मला लहानपणी पाटाच्या कडेला शिकवलंत. चढावरच्या गावांना स्वतःच्या वाट्याचा पाऊस तेवढा हक्काचा.

इथल्या बायकांनी बचतगटांतून संयुक्त महिला समिती केली. पाणलोटाच्या पैशातला काही वाटा त्यांच्या निर्णयानं खर्च व्हायचा. त्यांनी काय मागितलं असेल, ते आईला विचारा. ती बरोबर सांगेल.

आपली मुलगी


अहिल्यानगर, सोमवार

ती. तात्यांस,
सा. न.

हे शेवटचं पत्र. बाखरांच्या कामाचा उगम ज्या शहरातला, त्या आपल्या जुन्या नगरमधूनच लिहिते आहे.

मला इथं एक गोष्ट उलगडली. पाणलोटाचं काम दहा-वीस गावांत करून थांबणं बाखरांना पटेना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जर्मन सरकार, आपलं सरकार आणि नाबार्ड ही शेती व ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक यांना एका मेजावर आणण्याचा खटाटोप सुरू केला आणि १९९२ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा, तो हाताळणार नाबार्ड, काम करणार गाव आणि गावाबरोबरची स्वयंसेवी संस्था. खेड्यातली समिती आणि राष्ट्रीय बँक यांची अशी थेट गाठ घालून देणं, हे मला त्यांचं सर्वांत धाडसी काम वाटतं. पण एवढ्या गावांना आणि नवख्या संस्थांना हाताला धरून शिकवणार कोण? त्यासाठी मग 'वॉटर'. म्हणजे त्यांनी संन्याशांचा नवा संघ काढला नाही, शिकवणाऱ्यांची संस्था काढली. तिथं दीक्षा नाही, धर्म विचारला जात नाही, आणि कार्यकर्ते बहुतेक याच मुलखातली शेतकऱ्यांची पोरं.

मदर तेरेसांचं नाव सगळ्यांच्या ओठांवर असतं, कारण त्यांच्या कामाला चेहरा आहे, साडीचा काठ आहे. बाखरांचं काम जमिनीत मुरलेलं. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली, पण तुमच्या-माझ्या शहरात किती जणांनी ती वाचली असेल? महाराष्ट्राच्या पाणलोट चळवळीचे जनक म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एक मागणी आहे तुमच्याकडे. जुने बांध गाळानं भरत आलेत, चर बुजू लागलेत. देखभालीचा निधी ठेवला तरी समितीतली पहिली पिढी थकली आणि मुलं पुण्या-नाशिकला गेली. गाळ किती वर्षांनी काढावा, तो कुणाच्या शेतात टाकावा, दगडी बांधाची डागडुजी पावसाआधी कधी उरकावी, याचं एक साधं टिपण तुम्ही तुमच्या अनुभवावरून लिहून द्याल का? भेटलेल्या कार्यकर्त्यांना मी ते पाठवीन म्हणून सांगितलं आहे. तुमच्या अक्षरातच लिहा, मी नंतर टाइप करीन.

बुधवारच्या रात्रीच्या गाडीनं येते.

आपली मुलगी