पत्र्याची कड

घासल्याने वस्तू स्वच्छ होते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. भांडी घासावीत, फरशी घासावी. मळ जातो आणि मूळचे रूप उरते. १९८९ साली दहावीची परीक्षा संपल्यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये मोटारी धुण्याचे काम मिळाले, आणि ही समजूत पहिल्याच दिवसापासून ढासळू लागली.

गॅरेजच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. बादली आणि फडके घेऊन मी पहिल्याच मोटारीवर तुटून पडलो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. "धुणं म्हंजे घासणं न्हवं. आधी माती सुटू दे." रस्त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती अंगावर असताना फडके फिरवले, तर आपण गाडी पुसत नसतो, तिच्यावर कानस चालवत असतो. म्हणून आधी नुसते पाणी, तेही भरपूर. मग टपापासून खाली यायचे, कारण सर्वांत जास्त खर दारांच्या खालच्या अंगाला आणि मडगार्डांत साठलेली असते. चाकांची बादली निराळी, फडके निराळे. जमिनीवर पडलेले फडके झटकून पुन्हा गाडीला लावायचे नाही. उन्हात धुवायचे नाही. साबणाचे पाणी जागीच वाळते आणि डाग धरते. आजीच्या सोवळ्याओवळ्यापेक्षा हे नियम कडक होते. फरक एवढाच, की इथल्या नियमांमागची कारणे संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात दिसत. उस्ताद मला एखाद्या गाडीच्या बॉनेटपाशी तिरपे उभे करीत. दिवसा निर्दोष भासणाऱ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी ओरखड्यांची वर्तुळे उमटलेली असत. तो कोणाच्या तरी मन लावून केलेल्या सफाईचा इतिहास होता.

महिनाभराने मला कंपाउंड मारायला शिकवले गेले. त्या काळच्या आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. त्यामुळे लाल गाडीला कंपाउंड मारले, की फडके लाल होई. काळी गाडी फडके काळे करी. प्रथम मला तो मळ वाटला. तो मळ नव्हता, रंगच होता. चकाकी वरून लावता येत नाही, हे तेव्हा उमगले. ओरखड्यांच्या भोवतालचा रंग त्यांच्या खोलीइतका झिजवला, की पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेने परततो, आणि आपण म्हणतो, गाडी नव्यासारखी झाली. प्रत्यक्षात ती थोडी कमी झालेली असते.

मेच्या अखेरीस एक काळी फियाट आली. मालक निवृत्त शिक्षक होते; मुलीच्या लग्नासाठी त्यांना गाडी झळाळून हवी होती. उस्ताद बाहेर गेले होते. बॉनेटमध्ये माझा चेहरा दिसू लागला, तसा मला हुरूप चढला. ओला रंग सुकताना कडेवरून आत ओढला जातो, म्हणून तिथला थर मुळातच पातळ असतो. शिवाय हाताचा सगळा जोर तेवढ्याच रेषेवर येतो. हे ज्ञान मला नंतर मिळाले. त्या दुपारी मला फक्त काळ्या कडेतून वर आलेली प्रायमरची तांबूस रेघ दिसली, बोटभर लांबीची.

कपाटात काळे बूटपॉलिश होते. मी ते बोटाने भरले, फडक्याने चमकवले. दोन पावलांवरून काहीही कळत नव्हते.

उस्ताद आले, गाडीभोवती फिरले, बॉनेटच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि तो नाकाशी नेला. काही बोलले नाहीत. सायंकाळी गुरुजी आले, तेव्हा म्हणाले, "माझ्या हातनं कड गेली. बॉनेट रंगवून देतो, दोन दिवस द्या. पैसे न्हाईत." गुरुजी नाराज झाले, लग्न चार दिवसांवर होते. मी बादली धरून तिथेच उभा होतो.

रात्री रंग कालवताना मी पुटपुटलो, की चूक माझी होती. ते म्हणाले, "कंपाउंड तुझ्या हातात कुणी दिलं? मीच न्हवं का? कड जाती, सगळ्यांची जाती. त्यावर पॉलिश का लावलंस, त्येवढं सांग." मला उत्तर देता आले नाही.

पुढे मी शिक्षक झालो. विद्यार्थ्यांचे लेखन सुधारताना कधीकधी लाल शाईचा हात जोरात चालू लागतो, वाक्ये एकसारखी सपाट होत जातात, आणि फडक्याला लागलेला रंग आठवून मी थांबतो. हे मला सांगता येते, सांगायला आवडतेही. पण त्या प्रश्नाच्या बाबतीत माझी फारशी प्रगती नाही. वर्गात एखादा संदर्भ चुकला, तर तो दुसऱ्या दिवशी कबूल करण्याऐवजी चार चमकदार वाक्यांनी झाकण्याचा मोह मला आजही होतो; दोनतीनदा तो मी आवरू शकलेलो नाही.

माझी गाडी मी अजून स्वतःच धुतो. आताच्या गाड्यांवर सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आणि त्यावरचा पारदर्शक थर केसाहूनही पातळ. पॉलिश करण्यापूर्वी बॉनेटच्या कडेला कागदी टेप लावतो. टेप काढल्यावर तिथे एक मंद रेघ उरते. ती तशीच राहू देतो.