आधी बोर्ड, मग हौस

मंडळी, ओव्हरक्लॉकिंगचा किडा डोक्यात शिरला की माणूस आधी प्रोसेसर बघतो. मी मात्र दोन शनिवार नुसते मदरबोर्ड बघतोय. कारण घरात मशीन एकच, आणि सोमवारी ऑफिसचं कामही त्यावरच!

१९९८चा सेलेरॉन ३००ए आठवतोय? त्याचा गुणक ४.५ वर कायमचा बांधलेला. पण ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर बस ६६ची १०० मेगाहर्ट्झ केली, की ३००चे ४५० व्हायचे. दम प्रोसेसरचा, पण वाट दिली बोर्डाने.

आजही तेच. रायझन ७६००चा गुणक खुला असतो, पण ए६२० चिपसेटचा बोर्ड तो वाढवू देत नाही, बी६५० देतो. मग बघायचं व्हीआरएम, म्हणजे १२ व्होल्टचे साधारण सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला पुरवणारं सर्किट. व्होल्टेज वाढवलं की त्यालाही घाम फुटतो, म्हणून त्यावर भरभक्कम हीटसिंक हवा. रंगीत दिवे नसले तरी चालतील.

आजचे प्रोसेसर आपणहून बूस्ट घेतात, त्यामुळे हाती थोडंच लागणार, हे खरंय. पण सेटिंग फसलं तर सीमॉस क्लिअर करून पुन्हा उभा राहणारा बोर्ड असला, की शिकायची भीती वाटत नाही. माझे पैसे त्यासाठीच!