पाणी कोठून येते?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझी शाळा यवतमाळची, कॉन्व्हेंट. अडतीस, एकोणपन्नास हे आकडे मला आजही मनातल्या मनात इंग्लिशमध्ये केल्याशिवाय कळत नाहीत. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. (आणि हॉस्टेलच्या मुलींनो, हसायचं नाही!)

तर झालं असं की, थर्ड इयरची परीक्षा संपली आणि मला पुण्यात दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. ब्रँच सिव्हिल, ऑफिस नळ स्टॉपजवळ, स्टायपेंड एवढा की त्यात एक तर राहता येईल नाहीतर जेवता येईल. आता राहायचं कुठे? हॉस्टेलमध्ये रूम आपण निवडत नाही, नोटीस बोर्डवर लिस्ट लागते. राहायची जागा स्वतः निवडायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

सिनिअर्सना फोन केले. एक म्हणाली, पेठेत रहा, मेस स्वस्त आणि रात्री दहालाही रस्त्यावर माणसं असतात. दुसरी म्हणाली, पेठेत अजिबात नको, दारावरच्या पाट्या वाचूनच वेडी होशील. तिसरीने सिंहगड रोडचा एक फ्लॅट सुचवला. दोन बेडरूम, पाच मुली, लिफ्ट आहे! मी आपली एक्सेल शीट केली. भाडं, अंतर, मेस, वाय-फाय असे कॉलम. बाबांना मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि विचारलं, "याच्यात पाणी कुठी लिवलं हाय?"

आमचं गाव कळंब. यवतमाळहून नागपूरकडे जाताना लागतं. चिंतामणीचं गाव म्हटलं की विदर्भातल्या लोकांना कळतं. आमचा देव जमिनीच्या वर नाही, खाली आहे. पायऱ्या उतरत खोल जावं लागतं, आणि तिथे कुंड आहे. ठरावीक वर्षांनी त्या कुंडातलं पाणी आपोआप वर येतं, देवाच्या पायांना लागतं आणि ओसरतं असं सांगतात. बाबांचं त्याच रस्त्यावर नारळ-प्रसादाचं दुकान आहे. त्यामुळे पाण्याकडे ते नुसतं पाणी म्हणून बघतच नाहीत. त्यात २०१८ चा उन्हाळा. मी तेव्हा शाळेसाठी यवतमाळला मावशीकडे राहायचे. निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणं आटली होती. नळ म्हणजे भिंतीवरचं शोपीस! टँकर आला की मावशी वरण गॅसवर तसंच टाकून पळायची. बाबा दर रविवारी कळंबहून दोन कॅन घेऊन एसटीने यायचे. कंडक्टर त्यांना ओळखायला लागला होता.

म्हणून कॉलम वाढवला. पाणी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलो. पुणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून माहीत होतं. कसबा सगळ्यात जुना, मग पेशव्यांच्या काळात एकेक पेठ वसत गेली. सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे वार झाले, मग माणसांची नावं आली. सदाशिवरावभाऊंवरून सदाशिव, नारायणरावांवरून नारायण, नाना फडणवीसांवरून नाना पेठ. पण पुस्तकात देवांची नावं नव्हती. भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा! बाबा रस्त्यात थांबले. म्हणाले, "देवाले उपाशी कोनं ठेवलं बापा?" त्यांच्या दुकानातून रोज प्रसाद जातो, त्यांना हे पटणंच शक्य नव्हतं.

पहिली जागा एका पेठेतल्या जुन्या वाड्यात होती. दारावर पाटी, 'मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा उपलब्ध'. जिना अंधारा, लाकडी. वर एक काका झोपाळ्यावर बसले होते. बाबांनी चपला खालीच काढल्या होत्या. काकांनी आधी गाव विचारलं. "यवतमाळ जिल्हा म्हणजे नक्षलवादी असतात तिकडचे का?" मी म्हणाले, ते गडचिरोली. "हां, तेच ते." मग विचारलं, नॉनव्हेज? मी म्हणाले, दोन महिने नाही खाणार. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

ते थोडा वेळ आढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, जागा परवाच गेली. पाटी काढायची राहिली बघा."

कुणी ओरडलं नाही, कुणी काही वाईट बोललं नाही. आम्ही उठलो. बाबा नमस्कार करून जिना उतरले, एकेक पायरी धरून. खाली येऊन चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पायऱ्या लय उंच हायेत माय. पावसाळ्यात घसरली असती तू."

मी "हो" म्हणाले. पाटी तिथेच होती.

सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये आडनाव कुणीच विचारलं नाही, आधार कार्ड आणि डिपॉझिट विचारलं. एजंट तरुण होता, उत्साही. ग्राउंड फ्लोअर, नवी फरशी, खिडकीतून हिरवळ आणि त्यापलीकडे मुठा. "रिव्हर व्ह्यू आहे मॅडम!" भाडं माझ्या वाट्याला तीन हजार. मी मनातल्या मनात बेडशीटचा रंगसुद्धा ठरवला. सकाळचा तो जिना आठवून तर मला हीच जागा हवी होती. बाबा मात्र बाहेर वॉचमनकाकांशी बोलत होते. ते वाशिमचे निघाले, मग काय विचारता! दहा मिनिटांनी बाबांनी मला बोलावलं आणि पार्किंगची भिंत दाखवली. माझ्या खांद्याच्या खाली एक रंग, वर दुसरा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा या रस्त्यावरच्या एकतानगरीत पूर आला होता, लोकांना बोटीतून काढावं लागलं. ती बातमी मी हॉस्टेलच्या टीव्हीवर पाहिली होती. पण बातमी टीव्हीत असते, भिंतीवर नसते. एजंट म्हणाला, रोज थोडंच येतं? बाबा म्हणाले, "नदी आपल्याले दिसते म्हंजे नदीलेबी आपून दिसतो."

यात माझी लाज अशी की, निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मी पेपरात पाच मार्कांसाठी लिहून आले होते. आकृतीसकट! आणि उभं राहून बघताना मला फक्त फरशी दिसली.

संध्याकाळ झाली. परतीची बस रात्री नऊची. शेवटचा पत्ता शुक्रवार पेठेतला, मंडईपासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी. मी आत शिरतानाच आडनाव तोंडात तयार ठेवलं होतं. आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आंघोळीला किती बादल्या लागतात?"

बाबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "पाणी कोठून येते तुमच्याकडं?" "नळाला सकाळी साडेसहा ते नऊ. वर टाकी आहे, पण टाकीवर विश्वास ठेवायचा नाही." मग ते दोघं सुरूच झाले, मी बाजूलाच राहिले. आजींचं माहेर नारायण पेठेतलं, नदीच्या बाजूचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. आईने हाताला धरून चढाकडे पळवलं. परत आल्यावर वाड्याची मागची भिंत नव्हती, सगळीकडे गुडघाभर चिखल. त्यांच्या गल्लीतली कितीतरी घरं नंतर गोखलेनगरकडे गेली ती गेलीच. आणि गंमत म्हणजे एवढं पाणी येऊन गेल्यावर नळाला पाणी नाही! खडकवासल्याचं धरणही गेलं होतं. तेव्हा विहिरी आणि जुने हौद कामाला आले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं होतं, ते या हौदांत पडायचं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. (हे ऐकताना मात्र माझ्यातली सिव्हिल जागी झाली. तो उतार त्या काळी कसा काढला असेल?) आजी म्हणाल्या, "माझं लग्न ठरवताना वडिलांनी पहिलं काय विचारलं माहितीये? घर नदीपासून किती लांब."

भाडं त्यांनी सांगितलं अडतीसशे. मी बोटं मोजत होते तोवर बाबा हो म्हणून मोकळे झाले. आडनाव आजींनी विचारलं, पण ते पोलिसांच्या फॉर्मवर लिहायला. लिहिताना मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "स्पेलिंग तूच घाल बाई, तू इंग्लिशवाली."

मग दोन महिने मी शुक्रवार पेठेत राहिले. नळ स्टॉपला मेट्रोने जायचे. मंडईचं स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालं, जमिनीच्या खाली आहे. वर १८८६ सालची दगडी मंडई, कोथिंबिरीचे ढीग, आणि आपण सरकत्या जिन्याने खोल खोल जातोय. पहिल्या दिवशी मी चपला काढायच्या बेतात होते! डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलायची, मग वर उजेडात यायचं. आवाज फार. गणपती दोन महिने लांब असताना ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू. रात्री अकराला कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेतंच. आजी आंघोळीच्या बादल्या खरंच मोजायच्या. मला दीड मंजूर होती, केस धुवायच्या दिवशी अडीच.

त्या पहिल्या वाड्यावरून मी मुद्दाम दोनदा गेले. पाटी होती.

जुलैत पाऊस लागला. एका रात्री दहाला बाबांचा फोन. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "खडकवासल्यातून किती सोडलं?" मी मोबाईलवर बघून आकडा सांगायच्या आत आजी आतून ओरडल्या, "त्यांना म्हणावं, नदी इकडे येत नाही. झोपा निवांत. तिकडे कळंबला कसं आहे विचार."

मी विचारलं. बाबा म्हणाले, "इकडं काईच नाई. ढगं येतात अन् जातात."

आजींना सांगितलं. त्या थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, मग बादली पागोळीखाली सरकवली.