आमच्या घरचे बक्षीस

आमच्या घरी बक्षिसे आली नाहीत असे नाही. वडीलबंधूंचे संस्कृतचे पारितोषिक, वहिनींची गीतापठनाची ढाल, थोरल्या पुतण्याचे गणिताचे पदक, ही सारी माजघरातल्या काचेच्या कपाटात ओळीने मांडलेली आहेत आणि दर दिवाळीला ती पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवण्याचा मान घरातल्या मुलांना मिळतो. परंतु चित्रकलेचे बक्षीस म्हणून या कपाटाने २०१६ सालापर्यंत काही पाहिले नव्हते. ते आणले आमच्या धाकट्या पुतणीने, वयाच्या अकराव्या वर्षी. आणि त्या बक्षिसाची हकीकत सांगताना आम्हाला आमच्याच एका कृत्याची कबुली द्यावी लागणार आहे.

त्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी गोदावरीला पूर आला. नाशिककरांची पूर मोजण्याची रीत वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेलच. धरणातून किती पाणी सोडले हे आकडे वर्तमानपत्रांत येतात खरे, पण गावात विचारणा होते ती दुतोंड्या मारुतीची. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे निरोप घरोघर जातात आणि त्यावरून सराफबाजारातील दुकानदार आपला माल कधी हलवायचा ते ठरवितात. दोन्ही बाजूंना मुख असलेला हा मारुती नदीच्या पात्रातच उभा; त्यामुळे या गावात मोजपट्टीचे काम देवाकडे आले आहे, आणि ते त्याने इतकी वर्षे तक्रार न करता केले आहे.

पाणी उतरू लागल्यावर आम्ही घरातल्या मुलांना घेऊन नदीकडच्या एका स्नेह्यांच्या गच्चीवर गेलो. बाकीची मुले वाहून आलेल्या ओंडक्यांची गणती करीत होती. ही मुलगी मात्र कठड्याला हनुवटी टेकून एकाच ठिकाणी पाहत राहिली. घरी येताना तिने एवढेच विचारले, "काका, मारुतीला पोहता येतं का?" आम्ही समुद्रोल्लंघनाचा दाखला देऊन त्याला पोहण्याची गरजच पडत नाही असे उत्तर दिले. ते तिला पटलेले दिसले नाही.

पुढे हिवाळ्यात जिल्ह्यातील शाळांची एक चित्रस्पर्धा निघाली. 'माझे गाव' असा विषय होता. तिने पूर काढला. कागदाचा निम्म्याहून अधिक भाग मारुतीनेच व्यापला होता. छातीपर्यंत गढूळ पाणी, दोन्ही तोंडांचे डोळे उघडे, आणि त्याच्या खांद्याएवढीही उंची नसलेली घरे, माणसे, छत्र्या दोन्ही काठांवर दाटीने उभी. उजव्या कडेला नारोशंकराचे देऊळ होते. ते तिने अंगठ्याएवढे काढले होते, शिखर एका अंगाला कललेले, आणि घंटा जवळजवळ शिखराइतकीच मोठी.

येथे आमचा अधिकार काय तो सांगितला पाहिजे. शाळेत असता आम्ही चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, उत्तीर्ण झालो. राज्याचे कला संचालनालय १९६५ साली स्थापन झाले आणि त्याच्यामार्फत या परीक्षा होतात. त्यांत मडकी-पेल्यांची चित्रे, स्मरणचित्र, नक्षीचे संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. भूमितीत आमचा हात चांगला होता. श्रेणी 'ब' मिळाली होती. एवढ्या भांडवलावर मनुष्य घरातल्या घरात कलावंत म्हणून मिरवू शकतो, आणि आम्ही मिरवीत आलो होतो.

चित्र दुसऱ्या दिवशी शाळेत द्यावयाचे होते. रात्री जेवणे आटोपल्यावर ते ओसरीतल्या टेबलावर वाळत पडले होते. आम्ही दिवा लावला. नारोशंकराचे देऊळ १७४७ चे; वसईच्या विजयाची आठवण म्हणून तेथील घंटा सर्व महाराष्ट्राला ठाऊक. असले देऊळ कलते काढणे म्हणजे परीक्षकांसमोर आमच्या घराची शोभा, असे आमच्या मनाने घेतले. पट्टी आणली, पेन्सिल टोकदार केली, आणि अर्ध्या तासात शिखर सरळ केले, त्याचे थर मोजून बसविले, डाव्या बाजूने छाया दिली आणि घंटा तिच्या योग्य मापावर आणली. मारुतीला हात लावण्याचे धैर्य झाले नाही, हे त्यातल्या त्यात बरे. सकाळी मुलीने चित्र पाहिले, गुंडाळले आणि दप्तराबरोबर घेऊन गेली. ती काही बोलली नाही, याचा अर्थ तिला आमची सुधारणा आवडली असा आम्ही केला. मुलांच्या मौनाचा आपल्याला सोयीचा अर्थ लावण्यात आम्हा मोठ्यांचा हात कोणी धरणार नाही.

महिन्याभराने दुसरे बक्षीस मिळाल्याची बातमी आली. घरात आनंदीआनंद झाला. वडीलबंधूंना तेवढी काळजी वाटली. "याच नादाला लागली तर पुढे खायचं काय?" असे ते म्हणाले. त्यावर आईंनी फाळक्यांचे नाव काढले. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला, आणि त्या चित्रकलेतूनच हिंदुस्थानचा पहिला कथाचित्रपट १९१३ साली उभा राहिला. "आणि शेवटी नाशकातच हालाखीत गेला ना तो, चव्वेचाळीस साली?" असे बंधूंनी विचारले. एकाच माणसाचे चरित्र वादाच्या दोन्ही बाजूंना उपयोगी पडावे, हेही एक त्या माणसाचे मोठेपणच. आमची कल्पना तर याहून उंच उडाली होती. गणपतराव म्हात्रे यांनी कलाशाळेत विद्यार्थी असतानाच 'मंदिरपथगामिनी' घडविली व १८९६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात तिचा गौरव झाला, हे आम्हाला त्या संध्याकाळी आठवले, आणि आपण नव्या म्हात्र्यांचे चुलते आहोत अशा थाटात आम्ही समारंभास निघालो.

प्रदर्शन एका शाळेच्या दिवाणखान्यात मांडले होते. परीक्षक वयस्क चित्रकार होते. शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगात जन्मभर रंगविला, आणि त्यामुळे या गावात घाटाचे चित्र पाहणारी नजर काहीशी तयार झालेली आहे. या गृहस्थांची नजरही तशीच होती. प्रत्येक बक्षीसपात्र मुलाला जवळ घेऊन ते चित्रापुढे दोन शब्द बोलत. आमच्या पुतणीच्या मारुतीपुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि मुलीला म्हणाले, "तुझ्या पाण्याला वजन आहे." मग त्यांचे बोट उजव्या कडेला गेले. "हे शिखर मात्र निराळं दिसतं. पट्टी घेऊन काढलंस का, बाळ?"

तिने एकवार आमच्याकडे पाहिले. नंतर म्हणाली, "हो."

ते "बरं" म्हणून पुढच्या चित्राकडे वळले. पहिले आणि दुसरे बक्षीस यांतले अंतर त्या शिखराने पडले की नाही, हे आम्ही त्यांना विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. ते अंतर आम्हाला लागलेही नाही. लागला तो हा 'हो'. आमच्या घरात खोटे बोलण्यावरून मुलांना शिक्षा होते. येथे एका अकरा वर्षांच्या मुलीने चारचौघांत खोटे बोलून आपल्या काकांची अब्रू राखली होती, आणि काका पुढे होऊन "ते आम्ही काढले" असे म्हणू शकले असते, तेही त्यांनी केले नाही. टाळ्या झाल्या तेव्हा आम्हीही टाळ्या वाजविल्या.

रात्री झोप आली नाही. कपाटातून अजिंठ्याचे जुने पुस्तक काढून पाहत बसलो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आजूबाजूच्या सर्व माणसांहून मोठा रंगविलेला आहे. जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ पर्यंत या भिंतींच्या नकला केल्या. त्यांपैकी कोणी पद्मपाणीला मापात आणावयास पट्टी काढली नाही. ज्याच्याकडे सर्वांचे डोळे लागले तो मोठा, हे त्या चित्रकारांचे माप. पुराच्या दिवशी सगळ्या नाशकाचे डोळे मारुतीकडे लागले होते, आणि घंटा मोठी अशासाठी की लहानपणापासून ती तिने गोष्टीत ऐकली होती, शिखर ऐकले नव्हते. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक याने १८९७ साली मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढला तो मुलांनी मोठ्यांची नक्कल न करता आपल्या मनातले काढावे म्हणून, हेही आम्ही कधीकाळी वाचले होते. वाचलेले वेळेवर आठवत नाही, ही आमची जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या चित्रकलाशिक्षकांना गाठून सर्व प्रकार सांगितला व बक्षीस परत करण्याची तयारी दर्शविली. ते हसले. "साहेब, या दिवाणखान्यातल्या निम्म्या चित्रांत कुणा ना कुणाच्या काकांचा हात आहे. परत केलंत तर तुमचं मन हलकं होईल, तिचं बक्षीस जाईल." हा विचार आम्हाला सुचला नव्हता. मग घरी येऊन मुलीला समोर बसविले आणि म्हटले, "बाळ, ते शिखर काढलं ते आम्ही चुकलो. आणि काल तिथे गप्प राहिलो, ती त्याहून मोठी चूक." तिने जरा विचार करून विचारले, "मग आजीला पण सांगाल?" आईंना सांगितले, वहिनींना सांगितले. बंधूंना सांगणे सर्वांत अवघड गेले. परंतु ते सांगितल्याशिवाय मुलगी समोरून उठली नाही.

चित्राला चौकट करावयाचे ठरले तेव्हा ती आमच्याबरोबर दुकानात आली. दुकानदाराने चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी लावून दाखविली. "या बाजूला जरा रुंद लावा," असे म्हणून तिने उजव्या कडेवर आपली चार बोटे ठेवली. दुकानदार म्हणाला, "अहो, देऊळ झाकलं जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे."

आता ते चित्र माजघरात कपाटाच्या वर टांगलेले आहे. तीन बाजूंना दोन बोटे पुठ्ठा आणि उजवीकडे चार. येणारे-जाणारे मारुतीचे कौतुक करतात, आणि एखादे जाणते पाहुणे नारोशंकराचे देऊळ कोठे गेले म्हणून विचारतात. अशा वेळी घरातले सर्वजण आमच्याकडे पाहतात.