पाच आसने

आमच्या मोटारीच्या नोंदणीपत्रावर आसनसंख्या ५ अशी नोंद आहे. हिच्यापूर्वी जी मोटार आमच्या दारी होती, तिच्याही कागदांवर हाच आकडा होता. १९८२ साली हा आकडा आम्हांस फार तोकडा वाटे. आज तो ऐसपैस वाटतो. आकडा तोच, बदलली ती आत बसणारी माणसे. मध्यम आकाराची, कुटुंबाच्या उपयोगाची मोटार म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न विक्रेते लांबी, रुंदी आणि डिकीतील जागा यांवर सोडवितात. जिने मोटारीसह संसार केला आहे अशा घराला तो निराळ्या मापांनी सोडवावा लागतो. ती मापे वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही म्हैसुरास आलो १९७१ साली, नोकरीच्या निमित्ताने. त्या काळी या नगरीची खरी निष्ठा दुचाकीवर होती. १९६१ पासून १९९६ पर्यंत जावा आणि पुढे येझ्दी या मोटारसायकली येथेच घडत होत्या, आणि त्यांच्या धडधडीने गल्लोगल्ली सकाळ होई. राजवाड्यासमोरून टांगे डुलत जात. मोटार दिसे ती बहुधा अँबॅसडर किंवा फियाट. अँबॅसडरमधून अधिकार उतरे आणि फियाटमधून गृहस्थ उतरे, असा आमचा ग्रह झाला होता. आम्ही गृहस्थच असल्यामुळे आमची निवड आपोआप ठरली.

नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस होते. म्हणून १९८२ मध्ये एका निवृत्त डॉक्टरांची प्रीमियर पद्मिनी आम्ही त्यांच्याच किमतीला घेतली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे चाळीस घोड्यांची, गिअरचा दांडा सुकाणूच्या चक्राखाली, आणि पुढचे आसन बाकासारखे अखंड. त्या अखंड आसनानेच आमच्या घराचा स्वभाव घडविला असे आज वाटते. दोन माणसांच्या मध्ये तिसऱ्याला जागा नाही, हे सांगण्याची सोयच त्यात नव्हती.

या गाडीशी आमचे आणखी एक नाते होते, ते उशिरा ध्यानात आले. ती कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली होती, आणि तो कारखाना उभारणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. हिंदुस्थानात मोटारी घडाव्या हा ध्यास १९३० नंतरच्या वर्षांत ज्यांनी घेतला, त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अग्रभागी होते. १९१२ ते १९१८ पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. त्यांनी योजना आखली, त्यासाठी परदेशांतील कारखाने पाहिले. वालचंदांनी ती उचलून धरली, आणि परक्या सरकारच्या अनास्थेपायी ती रखडली. वालचंद मात्र थांबले नाहीत. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये मोटारींची कंपनी स्थापिली. सोलापूरच्या उद्योजकाचे धाडस आणि म्हैसूरच्या दिवाणाची दृष्टी यांचा जो संगम कागदावर झाला होता, तो आमच्या अंगणात चार चाकांवर उभा होता. परमुलखात घर करणाऱ्या मराठी माणसाला असल्या योगायोगांचे अप्रूप वाटते. वाचकांनी ते क्षम्य मानावे.

‘स्वल्प अड्जस्ट माडी’ हे कन्नड वाक्य आम्ही शिकलो ते या गाडीत. थोडे सांभाळून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या तीन शब्दांवर येथील अर्धा लोकव्यवहार चालतो. नंजनगूडच्या देवळाला निघावे तर घरची पाच माणसे, शेजारच्या अज्जी, त्यांची नात, आणि वाटेत उतरणारे एखादे गृहस्थ. असे आठजण त्या पाच आसनांत मावत आणि वर डब्यांची पिशवी राही. आजच्या पट्ट्यांच्या आणि हवेच्या पिशव्यांच्या युगात असली गणना कायदा मानणार नाही, आणि मानूही नये. पण त्या दाटीत आमची मुले कन्नड शिकली, अज्जी पुरणपोळीला ‘होळिगे’ न म्हणता पुरणपोळी म्हणू लागल्या, आणि आमच्या आईला या गावात पहिली मैत्रीण मिळाली. म्हैसुरास आल्यापासून अकरा वर्षे ती मैत्रीण भिंतीपलीकडेच राहत होती. भेट व्हायला मोटारीचे मागचे आसन लागले.

उटीच्या रस्त्याला बंडीपूरचे अरण्य ओलांडून चढ लागला की त्या पिढीतल्या कोणत्याही गाडीप्रमाणे आमचीही तापे. बॉनेट उघडून तिला वारा द्यावा, पाण्याचा डबा काढावा आणि मुलांनी तेवढ्यात माकडे मोजावी, असा शिरस्ता होता. मंडी मोहल्ल्यातले एक वृद्ध मेस्त्री तिची निगा राखीत. ते दख्खनी बोलत, आम्ही मराठी. आणि ‘नक्को’ हा शब्द दोघांच्याही घरचा असल्यामुळे दुभाष्याची गरज पडली नाही. इंजिनाचा आवाज ते डोळे मिटून ऐकत, एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसा.

आणि दसरा! म्हैसुरात वाहनांची पूजा होते ती नवमीला, आयुधपूजेच्या दिवशी. गाडी धुऊन पुढे केळीचे खुंट बांधायचे, चाकांखाली लिंबे ठेवायची, कोहळा ओवाळून फोडायचा. आमच्या घरची रीत दशमीची: झेंडूचे तोरण, हळदकुंकू, आपट्याची पाने. कोणती खरी, यावर आई आणि अज्जी यांच्यात पहिल्या वर्षी बराच शास्त्रार्थ झाला. अखेर गाडीची पूजा दोन्ही दिवशी करावी असे ठरले, आणि ती प्रथा आमच्या दारी आजतागायत चालू आहे. दोन प्रांतांचे सीमावाद इतक्या सोप्या रीतीने सुटते तर काय हवे होते!

मोटारीचे खरे माप मात्र आम्हांस १९९४ च्या एका रात्री कळले. वडिलांच्या छातीत कळ आली. येथील डॉक्टरांनी तपासून बंगळूरला न्यावयास सांगितले, आणि रुग्णवाहिका मिळेना. मागच्या आसनावर वडिलांना आडवे केले. आई त्यांचे डोके मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. श्रीरंगपट्टण, मंड्या, मद्दूर, चन्नपट्टण, रामनगर अशी गावे एकामागून एक अंधारातून येत आणि मागे पडत. ताशी चाळीस मैल वेगाने जाण्याचा तो रस्ता नव्हता आणि खड्डा टाळल्यावाचून पुढे जाण्याची छाती नव्हती. साडेतीन तास कोणी बोलले नाही. फक्त मंड्याच्या पुढे वडिलांनी एकदा विचारले, “पेट्रोल पुरेल ना रे?” त्या प्रश्नाने आईला रडू फुटले आणि आम्हांस धीर आला, ज्याला पेट्रोलची काळजी आहे, तो माणूस अजून आपल्यात आहे. ते बरे झाले आणि पुढे सात वर्षे जगले. तीन माणसे बसतील असे कागदावर लिहिलेल्या त्या आसनावर एक माणूस आडवा निजू शकतो, हे माप कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले आम्ही पाहिले नाही.

काळ पुढे सरकला. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. २०१४ मध्ये अँबॅसडरचेही थांबले. २०२३ च्या ऑक्टोबराअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. आमची गाडी त्यापूर्वीच, २००३ मध्ये, जुन्या मोटारींची हौस असलेल्या एका तरुणाकडे गेली. “बेचना नक्को साहब,” एवढेच मेस्त्री म्हणाले आणि तिचे कागद मात्र स्वतः नीट लावून दिले.

आजची मोटार २०१४ ची. शांत, थंड, शहाणी. मागे काही आले की ती आपण होऊन सूचना देते, आणि चढावर तापत नाही. मार्च २०२३ मध्ये खुल्या झालेल्या द्रुतमार्गावरून ती बंगळूरच्या वेशीपाशी दीड तासात पोचते. त्या रात्रीची ती पाच गावे आता उजवीडावीकडे राहून जातात. पण तिच्यात बसतो आम्ही दोघेच. मुले दूर देशी, आई आणि अज्जी दोघीही गेल्या. मुलाचा आग्रह आहे की गाडी विकावी. बोलावली की दारी येणाऱ्या टॅक्सी आहेत. हिशेब त्याचाच बरोबर आहे. विमा, देखभाल, पेट्रोल यांची बेरीज केली तर त्या पैशांत आम्ही रोज टॅक्सीने फिरू शकू. शिवाय २०२९ मध्ये गाडीची पंधरा वर्षे भरतील. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आहे. योग असा, की आमच्या वाहनपरवान्याची मुदतही त्याच वर्षी संपते. तेव्हा आम्ही ब्याऐंशी वर्षांचे असू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्री चालविणे थांबवावयास सांगितले आहे, आणि ते आम्ही पाळतो.

तरीही गाडी आहे. कारण टॅक्सी बोलावता येते, पण टॅक्सीत दुसऱ्याला बोलावता येत नाही. शिक्षणासाठी येथे आलेली लातूरची एक मुलगी दर रविवारी देवराज मार्केटला आमच्याबरोबर येते. समोरच्या घरातील वृद्ध गृहस्थांना आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी न्यावे लागते. तेथे जाताना ते राजकारणावर बोलतात, परतताना डोळे मिटून बसतात. गणेशोत्सवात मंडळाच्या दोन आजीबाई मागे बसून आमच्या गाडी चालविण्यावर टीका करतात. हे कुटुंब नव्हे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. स्वप्रांत सोडून आलेल्या माणसाचे कुटुंब रक्ताने थोडे आणि शेजाराने फार बनलेले असते. ते मावेल एवढी गाडी ही आमची मध्यम आकाराची व्याख्या.

२०२९ मध्ये डोळ्यांनी साथ दिली तर परवान्याचा अर्ज आम्ही करू. नाही दिली, तर त्या लातूरच्या मुलीला सध्या आम्ही क्लच आणि गिअर शिकवीत आहोत. काल चामुंडी टेकडीच्या उतारावर तिने गाडी छान आवरली. परतताना समोरच्या घरापाशी थांबून तिने दार उघडले, आणि सोमवारी किती वाजता निघायचे, ते त्या गृहस्थांना कन्नडमध्ये विचारले.