जिवंत काडतूस

बंदुकीची भीती बँकेतल्या माणसाला फारशी वाटत नाही. गेली एकवीस वर्षं मी दारावरच्या दुनळीला वळसा घालून खुर्चीवर जाऊन बसतोय. मला भीती वाटते ती हेड ऑफिसच्या इन्स्पेक्टरची. तो विनापरवाना सुटतो.

बंदूक आणि विमान यांचं नातं मात्र मला आमचे पेन्शनर खातेदार नाना यांच्यामुळे कळलं. नानांची कोकणात बाग. वानरं आणि रानडुकरं फार, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर.

तुम्हाला वाटेल, विमानातून बंदूक न्यायची म्हणजे थेट बेडीच! तसं काही नाही. परवाना जवळ हवा, नळी रिकामी हवी आणि काउंटरवर आपण होऊन सांगायला हवं. मग बाईसाहेब इतर सामानासारख्या विमानाच्या पोटात. काडतुसं वेगळी बांधायची. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे माणशी ५ किलोच्या आत. हातातल्या बॅगेत मात्र काही म्हणजे काही चालत नाही. आणि परवान्यात जेवढा मुलूख लिहिलाय, तेवढ्यातच तो चालतो. जिल्ह्याचा परवाना दिल्लीत दाखवणं म्हणजे आमच्या सोसायटीचं ओळखपत्र दाखवून संसदेत शिरण्यासारखं. थोडक्यात, बंदूक व्हाउचरसारखी आहे. आधी दाखवली तर नोंद, मागून सापडली तर अफरातफर.

घोळ बंदूक करत नाही, काडतूस करतं. नानांच्या भाच्यानं प्रवासाला त्यांची जुनी रेक्झिनची बॅग नेली. फाटक्या अस्तरात एक काडतूस कधीचं लपून बसलं होतं. घरातल्या कुणाला दिसलं नाही. विमानतळावरच्या एक्स-रेला पहिल्या झटक्यात दिसलं. भाच्याकडे परवाना नव्हता. शस्त्र अधिनियम, १९५९, कलम २५. विमान गेलं, भाचा पोलीस चौकीत.

कायदा तसा निर्दय नाही. वस्तू जवळ असणं आणि ती जवळ आहे हे ठाऊक असणं, यांत फरक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच सांगून ठेवलंय. एकट्या-दुकट्या विसरलेल्या काडतुसांचे कितीतरी गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केलेत. पण 'ठाऊक नव्हतं' हे सिद्ध करायला वकील लागतो, तारखा लागतात. ताळेबंदात एक रुपया चुकला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून शोधतो. इथं एका काडतुसापायी तीन वर्षं गेली. खटला पडून, म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण अडलं आणि दुबईची नोकरी दुसऱ्याला मिळाली.

नोव्हेंबरात नाना हयातीचा दाखला द्यायला आले. अंगठा मशीनवर उमटेना. चार वेळा पुसून झाला.

"बघा," नाना म्हणाले, "मी समोर उभा आहे, तरी जिवंत आहे हे पटत नाही तुमच्या मशीनला. त्या काडतुसाला मात्र प्रयोगशाळेनं एका फटक्यात लिहून दिलं – जिवंत!"